उसनी कीर्ती

बडोद्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून तीन मित्रांना जमवून त्याने एक बँड काढला आहे. मुलाचे म्हणणे असे की, आमचा बँड ‘इंडी’ आहे, आम्ही कोणा कंपनीच्या दावणीला बांधून घेणार नाही. येथपर्यंत मातोश्रींची काही तक्रार नाही. परंतु मध्यंतरी एक गृहस्थ घरी येऊन गेले. साठ हजार रुपये दिलेत तर तीन महिन्यांत मुलांचे नाव देशभर करून दाखवितो, असे ते म्हणाले. मुलाने शिष्यवृत्तीतून साठविलेले वीस हजार बाजूला काढले आहेत आणि उरलेल्या रकमेसाठी आईपाशी हट्ट धरला आहे. भगिनी विचारतात, हे इंडी म्हणजे नेमके काय? आणि जे स्वतःला स्वतंत्र म्हणवितात त्यांना नाव करून देणारा माणूस कशाला लागतो?

दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे. दोहोंच्या उत्तरासाठी थोडा वेळ विलायतेत जावे लागेल, कारण हा शब्द ज्या धंद्यातून निघाला तो धंदा तिकडचा.

‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचे लाडके रूप होय. लाडक्या नावाखाली पाळण्यातले नाव झाकले जाते, तसे या शब्दाचेही झाले आहे. आज पुष्कळांची अशी समजूत आहे की, इंडी ही गाण्याची एक धाटणी आहे. किंचित खरखरीत गिटार, किंचित ओढलेला आवाज, साधे कपडे आणि चेहऱ्यावर थोडी उदासी, एवढे असले म्हणजे झाले. वस्तुतः हा शब्द आरंभी संगीताविषयी काही सांगतच नव्हता. तो हिशेबाच्या वहीविषयी बोलत होता. तबकडी कोणाच्या पैशाने निघाली, तिच्यावरील मुद्रण कोणाच्या मालकीचे, आणि ती कारखान्यापासून दुकानापर्यंत कोणाच्या गाडीतून गेली, एवढेच त्यास विचारावयाचे होते.

सन १९७० च्या सुमारास ब्रिटनमध्ये या प्रश्नांची उत्तरे बहुधा चार-सहा मोठ्या कंपन्यांपाशी येऊन थांबत. त्यांतील ई.एम.आय. आपल्या परिचयाची आहे. ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे चित्र ज्यांच्या घरच्या तबकड्यांवर होते, त्यांना ती निराळी सांगावयास नको. कलकत्त्याजवळ दमदमला तबकड्यांचा कारखाना चालविणारी कंपनी याच घराण्यातील. अशा कंपन्यांचे स्वतःचे मुद्रणकक्ष असत, तबकड्या छापणारे कारखाने असत, दुकानोदुकानी माल पोचविणारी यंत्रणा असे. नव्या गायकाला त्या आरंभी काही रक्कम हातावर ठेवीत. ही रक्कम म्हणजे बक्षीस नव्हे, ती उचल असे. आपल्याकडे ऊसतोडणीच्या टोळ्या मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतात तिच्याच जातीची ही उचल. तबकडी विकली गेली की गायकाच्या वाट्यातून ती आधी वळती होई. मुद्रणाचा खर्चही बहुधा त्याच वाट्यातून कापला जाई. सगळे फिटल्यावरही मूळ मुद्रणाची मालकी कंपनीकडेच राही. घराचे हप्ते पुरे फेडावेत आणि घर मात्र सावकाराच्या नावावर असावे, असा हा व्यवहार होता.

गाजावाजा म्हणजे तिकडच्या भाषेत ‘हाइप’, हीदेखील एक उचलच आहे, असे मला वाटते. फरक इतकाच की ती पैशाची नसून श्रोत्यांच्या विश्वासाची असते. गाणे ऐकण्यापूर्वीच लोकांनी ते चांगले आहे असे मानावे, म्हणून कोणीतरी त्यांच्या विश्वासावर आगाऊ रक्कम काढतो. ती फेडावयाची मात्र गाणाऱ्याने.

याचे जे उदाहरण मला नेहमी आठवते, ते १९७० च्या एप्रिलमधील आहे. ब्रिन्सली श्वार्झ नावाचा एक इंग्रज बँड होता. गिटारवादकाचे नाव तेच बँडचे नाव. ही मंडळी आधी निराळ्या नावाने काही लहान तबकड्या काढून बसली होती आणि त्यांतून विशेष काही निष्पन्न झाले नव्हते. तेव्हा त्यांनी फेमपुशर्स नावाच्या एका संस्थेच्या हाती आपला कारभार दिला. नावातच कीर्ती पुढे ढकलणारे असा अर्थ आहे. निदान त्यात लपवाछपवी नव्हती. डेव्ह रॉबिन्सन हा आयरिश तरुण तेथे कामाला होता. या लोकांनी बेत असा केला की, बँडचा पहिला मोठा कार्यक्रम थेट न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या नामांकित सभागृहात व्हावा आणि तो पाहण्यासाठी लंडनहून शंभराहून अधिक पत्रकारांना विमानात घालून फुकट न्यावे. एवढ्या लांब, एवढ्या थाटात नेलेला माणूस परत येऊन वाईट लिहील तरी कसा?

पण ग्रह फिरले. बँडच्या लोकांना अमेरिकेत जाण्याचा परवाना वेळेवर मिळेना. ते कॅनडात जाऊन बसले, शेवटच्या क्षणी परवाना मिळाल्यावर लहान विमानाने धडपडत न्यूयॉर्कला आले, आणि वाद्येही उसनी घेऊन, पुरेशी तालीम न करता रंगमंचावर उभे राहिले. इकडे पत्रकारांचे विमान बिघाडामुळे आयर्लंडमध्ये तासन् तास अडकून पडले. तेथे मद्य विनामूल्य होते. त्या मंडळींनी वेळ कसा घालविला असेल हे सांगणे नलगे. ती सभागृहात पोचली तेव्हा काही अर्धवट झोपेत होती, काहींचे डोके दुखत होते आणि बहुतेकांना घरी जावयाचे होते. त्या रात्रीचे खरे मानकरी व्हॅन मॉरिसन आणि क्विकसिल्व्हर मेसेंजर सर्व्हिस हे होते. आरंभी गाणाऱ्या या पाहुण्यांकडे न्यूयॉर्कच्या श्रोत्यांनी फारसे लक्ष दिले नाही. लंडनला परतल्यावर वृत्तपत्रांनी गाण्याची नव्हे, तर त्या सहलीची कथा लिहिली, आणि बँडचे नाव खरोखरच सर्वतोमुखी झाले. ते हसण्यासाठी.

हा बँड वाईट होता काय? मुळीच नाही. त्यांचा दोष असलाच तर इतकाच की, त्यांच्या नावावर कोणी दुसऱ्याने काढलेल्या उचलीवर त्यांनी सही केली. त्यानंतर त्यांनी जे केले ते मात्र मनात भरण्यासारखे आहे. ते सगळे एका घरात एकत्र राहू लागले आणि मोठी सभागृहे सोडून लंडनच्या मद्यगृहांतील लहान खोल्यांत वाजवू लागले. अशा खोलीत पन्नास माणसे हाताच्या अंतरावर उभी असतात. त्यांना जाहिरातीने फसविता येत नाही, आणि तुम्हांलाही त्यांच्यापासून लपता येत नाही. १९७१ पासून पुढे चार वर्षे असे वाजविल्यावर याच बँडचे नाव जाणते लोक आदराने घेऊ लागले. तोवर त्यांच्या तबकड्या मात्र बेताच्याच खपत होत्या, आणि १९७५ मध्ये बँड मोडला.

गोष्ट येथे संपली असती तर ती फक्त एक फजितीची कथा ठरली असती. पण याच बँडमध्ये निक लो नावाचा गाणी रचणारा एक तरुण होता, आणि तो डेव्ह रॉबिन्सनही एका मद्यगृहाच्या इमारतीत लहानसा मुद्रणकक्ष थाटून होता. १९७६ मध्ये रॉबिन्सन आणि त्याचा सहकारी जेक रिव्हिएरा यांनी स्टिफ नावाची स्वतःची कंपनी काढली. धंद्याच्या बोलीत ‘स्टिफ’ म्हणजे न खपलेली, दुकानात पडून राहिलेली तबकडी. भांडवल होते ४०० पौंड, आणि तेही उसने. डॉक्टर फीलगुड या बँडचा गायक ली ब्रिलो याने ते दिले होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कंपनीची पहिली तबकडी निघाली, ती निक लो याची. तिचा मुद्रणखर्च पंचेचाळीस पौंड आला असे सांगतात. शंभर पत्रकारांना समुद्रापार नेणाऱ्या माणसाने सहा वर्षांनी पंचेचाळीस पौंडांत तबकडी काढावी, यातच ‘इंडी’ या शब्दाचा निम्मा अर्थ आला.

निम्माच म्हणतो, कारण रॉबिन्सनने गाजावाजा सोडला नव्हता. फक्त स्वस्त केला होता. १९७७ च्या जुलैमध्ये लंडनच्या हिल्टन हॉटेलात सी.बी.एस. कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांची परिषद भरली असता, स्टिफचा गायक एल्व्हिस कॉस्टेलो बाहेर पदपथावर ध्वनिवर्धक लावून गाऊ लागला. पोलिसांनी त्याला धरून नेले. काही महिन्यांतच त्याच कंपनीच्या अमेरिकन शाखेने त्याच्याशी करार केला. विमान नव्हते, मद्य नव्हते. एक गिटार, एक फुटपाथ आणि एक पोलीस एवढ्यात काम झाले. आणि मुख्य म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानावर प्रत्यक्ष गाणे पडले होते. जी उचल घेतली ती तेथल्या तेथे फेडण्याची तयारी होती.

स्टिफची मंडळी काही झाले तरी धंद्यात मुरलेली. यापेक्षाही साधा मार्ग मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने दाखविला. चार गाण्यांची ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी त्यांनी १९७७ च्या जानेवारीत स्वतःच काढली. मित्रांकडून आणि गिटारवादक पीट शेली याच्या वडिलांकडून मिळून ५०० पौंड उसने घेतले होते. पहिल्या १,००० प्रती हा हा म्हणता संपल्या आणि पुढे एकंदर खप १६,००० च्या घरात गेला. कंपनीशिवाय तबकडी निघू शकते हे एकदा दिसल्यावर गावोगाव पोरे कामाला लागली. स्क्रिटी पोलिटी या बँडने तर १९७८ मध्ये आपल्या पहिल्या तबकडीच्या वेष्टणावर तिचा सारा खर्चच छापला. अमुक पौंड मुद्रणाला, अमुक छपाईला. मला हे वेष्टण फार आवडते. स्वयंपाकघरातील जमाखर्चाची वही बैठकीच्या भिंतीवर टांगावी तसे ते आहे.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की स्वतंत्र म्हणविणाऱ्या या साऱ्यांनी कर्ज काढले होतेच. ते मित्राचे होते, बापाचे होते, आणि फिटले की फिटले. गाणे गहाण पडले नव्हते.

तबकडी काढणे सोपे झाले, पण ती लिव्हरपूलच्या दुकानात कशी पोचावी? ही अडचण लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागातील एका दुकानाने सोडविली. जेफ ट्रॅव्हिस याने १९७६ मध्ये काढलेले हे रफ ट्रेड दुकान आधी अशा घरगुती तबकड्या विकू लागले, मग देशभरच्या समानधर्मी दुकानांना पाठवू लागले, आणि १९७८ पासून स्वतः काढूही लागले. ब्रिस्टल, यॉर्क, लिव्हरपूल, एडिंबरो इत्यादी ठिकाणच्या अशा दुकानांनी पुढे मिळून वितरणाची एक साखळी उभी केली. रफ ट्रेडचा करार सुटसुटीत असे. खर्च वजा जाता राहिलेला नफा बँड आणि कंपनी यांनी निम्मा निम्मा वाटून घ्यावयाचा.

मँचेस्टरच्या फॅक्टरी या कंपनीने तर कहर केला. तिचा एक प्रवर्तक टोनी विल्सन हा दूरचित्रवाणीवरील निवेदक होता, आणि हिशेबापेक्षा तत्त्वावर त्याचे प्रेम अधिक होते. मालकी सर्वस्वी संगीतकारांची, कंपनीची कशावरच नाही, अशा आशयाचा एक कागद या मंडळींनी करून ठेवला होता. फॅक्टरीने जॉय डिव्हिजन आणि त्यातून निघालेला न्यू ऑर्डर हे बँड पुढे आणले, अमाप यश पाहिले आणि तितक्याच अमाप उधळपट्टीने ती कर्जात बुडाली. १९९२ मध्ये लंडन रेकॉर्ड्स ही मोठी कंपनी ती विकत घेण्यास आली. बोलणी पुष्कळ पुढे गेली आणि मग तो कागद निघाला. विकण्यासारखे कंपनीपाशी काही नव्हतेच! सौदा मोडला, कंपनीचे दिवाळे वाजले. परंतु न्यू ऑर्डरची गाणी न्यू ऑर्डरपाशी राहिली. त्या कागदाला मूर्खपणा म्हणणारे पुष्कळ आहेत. ज्यांचा मुलगा गाणी करतो त्यांनी तो जरा सावकाश वाचावा असे मला वाटते.

आता शब्द आपल्या अर्थापासून कसा सुटला ते थोडक्यात सांगितले पाहिजे. जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये स्वतंत्र तबकड्यांच्या खपाची वेगळी यादी प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यात प्रवेशाची कसोटी एकच होती : माल मोठ्या कंपन्यांच्या गाडीतून गेलेला नसावा. कसोटी साधी, त्यामुळे फळही गमतीचे आले. दहा वर्षांच्या आतच कायली मिनोगसारख्या, घरोघर पोचलेल्या आणि काटेकोरपणे बाजारासाठी घडविलेल्या गायिकेच्या तबकड्या त्या यादीच्या माथ्यावर बसल्या, कारण त्यांचे वितरण स्वतंत्र वितरकाकडे होते. उलट १९८६ मध्ये न्यू म्युझिकल एक्सप्रेस या साप्ताहिकाने बावीस बँडांची एक कॅसेट काढली, तेव्हापासून तिच्यातील झणझणत्या गिटारी आणि लाजऱ्या आवाजालाच लोक ‘इंडी’ म्हणू लागले. मालक कोण हे मग कोणी विचारीना. क्रिएशन या प्रसिद्ध स्वतंत्र कंपनीत १९९२ मध्ये सोनीने जवळजवळ निम्मी भागी विकत घेतली. ओएसिस हा बँड तेथे त्यानंतर आला. तरी जग त्यास इंडीच म्हणत राहिले. यादीचे नियम २००९ मध्ये बदलले आणि गाडीऐवजी मालकी पाहिली जाऊ लागली. परंतु तोवर शब्द कपड्यांच्या दुकानात पोचला होता.

गवगवा होतो कसा, हा दुसरा प्रश्न. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे याचे सूत्र दोन साप्ताहिकांच्या हाती होते, एक १९२६ पासूनचे मेलडी मेकर आणि दुसरे वर सांगितलेले, १९५२ पासूनचे. एवढ्याशा देशात दर आठवड्याला दोघांना मुखपृष्ठ भरावयाचे, तेही प्रतिस्पर्ध्याच्या आधी. तेव्हा नवा तारा उगवला नाही तर उगवावा लागे. १९९२ च्या एप्रिलमध्ये मेलडी मेकरने स्वेड या बँडचे चित्र मुखपृष्ठावर छापून त्याला ब्रिटनमधील सर्वोत्तम नवा बँड ठरविले. त्यांची एकही तबकडी तोवर बाजारात आली नव्हती! वाचकांनी कशावर विश्वास ठेवावा? तथापि पुढच्याच वर्षी त्यांचा पहिला अल्बम खपात पहिल्या क्रमांकावर आला आणि त्यास मर्क्युरी पारितोषिकही मिळाले. उचल फिटली. गवगवा झाला म्हणजे माल खोटाच असतो, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

सिग सिग स्पुटनिक या बँडची गोष्ट उलटी. ई.एम.आय.ने त्यांना चाळीस लाख पौंड दिले अशी आवई १९८६ मध्ये उठली. खरा आकडा त्याच्या जवळपासही नव्हता. पण आवईच गाण्यापेक्षा मोठी होती. पहिली तबकडी क्रमवारीत तिसरी आली. अल्बममध्ये दोन गाण्यांच्या मधली जागा त्यांनी चक्क जाहिरातदारांना विकली. विनोद म्हणून ही कल्पना आजही हुशारीची वाटते. पण एकदा ऐकलेला विनोद दुसऱ्यांदा कोण विकत घेणार? १९८९ मध्ये बँड मोडला.

याहून हीन प्रकार म्हणजे यादीतच लबाडी करणे. १९६९ पासून ब्रिटनची अधिकृत क्रमवारी सुमारे तीनशे निवडक दुकानांनी भरून पाठविलेल्या विक्रीच्या वह्यांवरून ठरे. ती दुकाने कोणती हे कळले की झाले. माणसे पाठवून तेथूनच तबकड्या विकत घ्याव्यात; वर चढलेली तबकडी नभोवाणी वाजवी, आणि नभोवाणीवर वाजलेली तबकडी मग लोक आपण होऊन घेत. ब्रिटिश धंद्यात ‘हाइप’ शब्दाचा एक नेमका अर्थ हाच होता. १९८३ मध्ये हे काम संगणकावर गेले, तेव्हा या उद्योगास काहीसा आळा बसला. अमेरिकेत दुकानांऐवजी निवेदकांनाच पैसे चारीत. त्याची १९५९–६० साली तेथील संसदेने चौकशी केली आणि ॲलन फ्रीड या लोकप्रिय निवेदकाची कारकीर्द त्यात संपली.

पुढे इंटरनेट आले आणि मधला माणूस गेला, अशी हाकाटी झाली. शेफील्डच्या आर्क्टिक मंकीज या बँडचे उदाहरण त्यासाठी नेहमी देतात. ही पोरे कार्यक्रमाच्या जागी स्वतः नकलून आणलेल्या गाण्यांच्या चकत्या फुकट वाटीत. ऐकणाऱ्यांनी ती गाणी संगणकावरून एकमेकांना धाडली, आणि त्यांच्या नावाचे पानही चाहत्यांनीच काढले. जेव्हा डोमिनो या स्वतंत्र कंपनीने त्यांचा पहिला अल्बम जानेवारी २००६ मध्ये काढला, तेव्हा पहिल्या आठवड्यात ३,६३,७३५ प्रती खपल्या. ब्रिटनमध्ये कोणाच्याही पहिल्या अल्बमचा एवढ्या झपाट्याने खप तोवर झाला नव्हता. वृत्तपत्रांनी हा संगणकाचा चमत्कार ठरविला. मला त्यात मद्यगृहांतील त्या लहान खोल्या दिसतात. शब्द पसरला तो तारेवरून, पण निघाला तो समोर उभे राहून ऐकलेल्या माणसाच्या तोंडून.

आणि मधला माणूस गेला म्हणावे तर तेही नाही. अमेरिकेत १९९५ मध्ये सुरू झालेले पिचफोर्क हे संकेतस्थळ प्रत्येक अल्बमला शून्य ते दहा असे दशांशातले गुण देऊ लागले. २००४ मध्ये त्याने आर्केड फायर या कॅनडातील बँडच्या पहिल्या अल्बमला ९.७ गुण दिले आणि मर्ज या लहान कंपनीला तबकड्या पुरविता पुरविता नाकी नऊ आले. याच बँडने, याच कंपनीकडून, २०११ साली वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळविले. त्याच २००४ मध्ये ट्रॅव्हिस मॉरिसन या गायकाला त्याच संकेतस्थळाने शून्य दिले, आणि त्याचा अल्बम काही दुकाने ठेवीनात. गाणे एवढ्या बारीक तराजूत तोलणारे ते संकेतस्थळही २०१५ मध्ये एका बड्या प्रकाशनसंस्थेने घेतले व २०२४ मध्ये पुरुषांच्या एका फॅशनमासिकात विलीन केले. आता तराजू यंत्राच्या हाती आहे. यंत्र तुम्हांला पुढचे गाणे ऐकविते, आणि २०२० पासून स्पॉटिफायने अशी सोयही केली आहे की, गायकाने त्या गाण्याचे मानधन कमी घेतले तर यंत्र ते अधिक लोकांपुढे ठेवील. पाकिटाची पद्धत बदलली इतकेच.

आपल्या देशात या शब्दाला थोडा वेगळा रंग आहे. तेथे स्वतंत्र म्हणजे बड्या कंपनीपासून स्वतंत्र. येथे बहुधा चित्रपटापासून स्वतंत्र. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडने आपला पहिला अल्बम १९९३ मध्ये एच.एम.व्ही.कडून काढला, आणि २०१० मध्ये मात्र एक संपूर्ण अल्बम दरमहा एकेक गाणे याप्रमाणे श्रोत्यांना विनामूल्य दिला. प्रतीक कुहाड यांचे एक इंग्रजी गाणे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी २०१९ च्या आपल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत घातले; वर्षभरात अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीच्या लेबलने त्यांच्याशी करार केला. अशी यादी कोणी साठ हजारांत मिळवून देऊ शकत नाही.

आता बडोद्याच्या भगिनींना. आलेल्या गृहस्थांना आधी हे विचारावे की, नाव करणार म्हणजे काय करणार. ‘गाणी मोठ्या याद्यांत हमखास बसवीन’ किंवा ‘ती लाखो वेळा ऐकली गेल्याचे दाखवीन’ असे उत्तर आले, तर चहा देऊन निरोप द्यावा. यादीत जागा विकणे स्पॉटिफायच्या नियमांविरुद्ध आहे, आणि ऐकल्याचे आकडे खोटे फुगविलेले आढळले तर गाणेच काढून टाकले जाते. म्हणजे पैसे तुमचे आणि शिक्षाही तुम्हांलाच. त्यांनी एखादा करार पुढे केला, तर मूळ मुद्रणाची मालकी कोणाकडे, किती वर्षे, ही कलमे आधी शोधावीत. आपल्या कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकार यांना आपल्या मानधनाचा वाटा सहीनेही सोडून देता येत नाही, हे मुलांना ठाऊक असावे. गाणे कोणी रचले व चाल कोणाची, हे चौघांनी आजच, मैत्री शाबूत असताना, कागदावर लिहून ठेवावे. कीर्ती आल्यावर ते आठवणे कठीण जाते.

वीस हजारांचे मात्र वाईट वाटून घेऊ नये. तेवढ्यात चार गाणी नीट मुद्रित होतील, आणि उरलेल्या पैशांत मुले सुरतेला किंवा अहमदाबादेला जाऊन अनोळखी पन्नास माणसांपुढे वाजवून येतील. आईने कर्ज द्यावयाचेच असेल तर प्रवासखर्चापुरते द्यावे आणि वहीत मांडून ठेवावे. शेलीच्या वडिलांनी तेच केले होते.

पत्र चांगले चार पानांचे आहे. मुलाचे केस, त्याची परीक्षा, ते गृहस्थ, त्यांची मोटार, सगळे त्यात आले आहे. ही मुले गातात कसे, याविषयी मात्र एक ओळही नाही. पुढच्या पत्रात तेवढे कळवावे.